टेबलाखालून दिसणारी आजी

एक प्रसंग घेऊ. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही अशी खात्री करून एक मुलगा स्टूल ओढतो, वर चढतो, फळीवरच्या काचेच्या बरणीला हात घालतो आणि बरणी निसटते. बरणीत आजीने वर्षानुवर्षं साठवलेली बटणं. ती खोलीभर पसरतात. आवाज ऐकून आजी दारात येते, तोवर मुलगा टेबलाखाली शिरलेला असतो.

हे चित्र काढायला सांगितलं तर दहापैकी आठ जण सारखंच काढतील. मागे सपाट भिंत, डावीकडे टेबल, त्याखाली मुलगा, उजवीकडे दार, दारात कमरेवर हात ठेवलेली आजी आणि मधोमध काचांचा ढीग. सगळं हजर, रेषाही चुकलेल्या नाहीत, तरीही चित्र नाटकाच्या नेपथ्यासारखं दिसतं. पात्रं आहेत, वस्तू आहेत, पण हे सगळं बघतंय कोण आणि कुठून, हे कुणी ठरवलेलंच नाही. हात सवयीने चालला आणि डोळा आपोआप दीड मीटर उंचीवर, खोलीच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिला.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याची रीत, म्हटलं की पहिल्यांदा पट्टी आठवते आणि तिथेच घोटाळा होतो. पट्टीचं काम नंतरचं. आधी ठरवायचं ते डोळ्याचं ठिकाण: जमिनीपासून किती उंच, प्रसंगापासून किती लांब. क्षितिजरेषा, व्हॅनिशिंग पॉइंट (मागे जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात तो बिंदू), कोण कुणाच्या आड जाणार, हे सगळं त्यातून निघतं. गोष्टही बरीचशी तिथूनच निघते.

वरच्याच प्रसंगात डोळा तीन ठिकाणी ठेवून बघू. आजीच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण १५० सें.मी.वर ठेवला तर टेबलाचा वरचा भाग दिसतो, त्यावरचं कापड खाली लोंबतं, आणि मुलगा जवळजवळ दिसत नाही. फार तर एक टाच. बघणाऱ्याला आजीइतकंच कळतं. डोळा छताजवळ नेला आणि मुलगा टेबलाच्या मागच्या कडेतून थोडा बाहेर आलेला ठेवला तर दोघंही दिसतात, पण त्या दोघांना एकमेकं दिसत नाहीत. आता बघणाऱ्याला पात्रांपेक्षा जास्त माहिती आहे, त्यामुळे प्रसंग गमतीचा होतो. किंमत अशी की चेहरे जातात, डोकी उरतात. आणि डोळा टेबलाखाली नेला तर आपण मुलाच्या बाजूचे होतो. भीती त्याची, उंची त्याची. प्रसंग तोच, पण गोष्टी तीन.

जुन्या चित्रकारांनाही ही निवड करावी लागली होती. मिलानमधल्या मठाच्या भोजनगृहात लिओनार्दोने १४९५ ते १४९८च्या दरम्यान ‘अखेरचं भोजन’ रंगवलं. त्यातल्या सगळ्या मागे धावणाऱ्या रेषा येशूच्या कपाळाच्या बाजूला एका बिंदूत मिळतात आणि त्या जागी खिळ्याचं भोकही सापडलं आहे. पण तो बिंदू जमिनीपासून इतका वर आहे की भोजनगृहात जेवायला बसलेल्या कुणाचाही डोळा तिथवर पोचत नाही. लिओनार्दोला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

तर टेबलाखालची जागा पक्की करू आणि आकडे घेऊ. टेबलाची उंची ७५ सें.मी., आजीची १६० सें.मी. मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलाय, त्याचा डोळा साधारण ६० सें.मी.वर. आपलाही डोळा तेवढ्याच उंचीवर, त्याच्या जरा मागे. टेबलाची समोरची कड आपल्यापासून १ मीटरवर आणि आजी ४ मीटरवर.

इथे कागदावर हात मारण्याआधी एक छोटा हिशोब करावा. टेबलाची कड डोळ्याच्या १५ सें.मी. वर आहे, १ मीटरवर. तीच नजर पुढे ४ मीटरपर्यंत नेली तर ती डोळ्याच्या ६० सें.मी. वर पोचते, म्हणजे जमिनीपासून १२० सें.मी.वर. त्यावरचं सगळं टेबलाआड. आजीची उंची १६०, म्हणजे ती छातीपासून वर दिसणारच नाही! बिनडोक्याची आजी. पुष्कळ जण इथे टेबल हळूच वर सरकवतात किंवा आजीला बुटकी करतात आणि मग ‘काहीतरी बिनसलंय, पण काय ते कळत नाही’ म्हणून दोन दिवस खोडरबर झिजवतात.

उपाय उलट्या दिशेला आहे. डोळा वर न्यायचा नाही, आणखी खाली आणायचा. ६०चा ४० केला की टेबलाची कड डोळ्यापासून ३५ सें.मी. वर जाते, ४ मीटरवर ते होतात १४० सें.मी., म्हणजे जमिनीपासून १८०. आजी पूर्ण दिसते, वर २० सें.मी. मोकळी जागाही उरते. बसलेल्या मुलापेक्षा खालचा असा हा ४० सें.मी.वरचा डोळा कुणाचा? बहुधा धाकट्या भावंडाचा, तेही टेबलाखाली दडलेलं आहे. ते चित्रात दिसत नाही, पण चित्र त्याच्या डोळ्यातून दिसतं. हे पात्र आधी कुणाच्या मनात नव्हतं, भूमितीतून निघालं. अर्थात छातीपर्यंतची आजीही वाईट नाही. फक्त पावलं, साडीचा काठ आणि कमरेवरचे हात एवढंच दाखवून चेहरा लपवणं ही तितकीच चांगली गोष्ट आहे. फक्त ती ठरवून झालेली असावी.

डोळ्याची उंची ठरली की क्षितिजरेषा त्याच उंचीवर. घराच्या आत क्षितिज दिसत नाही, म्हणून ते विसरलं जातं. फिक्या निळ्या पेन्सिलीने रेघ मारून ती शेवटपर्यंत ठेवावी. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, सारख्या उंचीच्या प्रत्येक माणसाला ही रेषा एकाच जागी कापते, माणूस जवळ असो की लांब. आपल्या आजीला ती गुडघ्याच्या किंचित खाली कापेल: १६०पैकी ४०, म्हणजे पाव. कागदावर आजी १२ सें.मी. उंच काढायची असेल तर पावलं क्षितिजाच्या ३ सें.मी. खाली आणि डोकं ९ सें.मी. वर. तीच आजी पुढे येऊन २ मीटरवर उभी राहिली तर २४ सें.मी.ची होईल, ६ खाली आणि १८ वर. अंतर निम्मं, उंची दुप्पट. एवढं पाळलं की माणसं तरंगत नाहीत आणि जमिनीत रुतत नाहीत. नवख्यांच्या गर्दीच्या चित्रात मागची माणसं बुटकी किंवा हवेत का वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: प्रत्येकाला कापणारी रेषा वेगळ्या ठिकाणी गेलेली असते.

आता जमीन. चौकोनी फरशा असतील तर मागे जाणाऱ्या रेषा समोरच्या व्हॅनिशिंग पॉइंटकडे नेणं सोपं असतं. चुकतं ते आडव्या रेषांमध्ये. त्या अंदाजाने जवळजवळ आणत गेलं की जमीन मध्येच उताराला लागल्यासारखी दिसते. अंदाजाची गरजच नाही. पुढच्या कोपऱ्यातून एक कर्णरेषा मारायची. ती क्षितिजावर ज्या बिंदूला भिडते तिथेच त्या दिशेचे सगळे कर्ण भिडतात. ती कर्णरेषा मागे जाणाऱ्या रेषांना जिथे जिथे कापते, तिथून आडव्या रेषा. समोरच्या बिंदूपासून या कर्णबिंदूचं अंतर म्हणजेच चित्रापासून बघणाऱ्याचं अंतर. आपल्या मापांत (४ मीटरवरची १६० सें.मी.ची आजी कागदावर १२ सें.मी.) ते ३० सें.मी. येतं. चित्राची रुंदीही ३० सें.मी. ठेवली तर नजरेचा कोन साधारण ५३ अंश होतो. हे अंतर रुंदीच्या निम्म्यावर आणलं तर कोन ९० अंशांचा होतो आणि खालच्या कोपऱ्यातल्या फरशा ताणलेल्या रबरासारख्या दिसू लागतात. साधारण ६० अंशांच्या आत राहावं.

कडेचा हा ताण राफाएललाही जाचला असावा. व्हॅटिकनमधल्या १५०९ ते १५११च्या भित्तिचित्रात, ‘अथेन्सच्या विद्यापीठात’, उजव्या टोकाला दोन माणसांच्या हातात गोल आहेत. काटेकोर भूमितीने ते लंबगोल यायला हवेत. राफाएलने ते सरळ वाटोळे काढले आणि चांगलंच केलं. माणसांची डोकी, चेंडू, चाकं कडेला आली की नियमापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा.

टेबल तिरकं ठेवलं तर दोन व्हॅनिशिंग पॉइंट लागतात आणि इथे सर्वांत जास्त चित्रं मरतात. कागद छोटा, म्हणून दोन्ही बिंदू कागदावरच बसवले जातात. मग टेबलाचा जवळचा कोपरा सुरीच्या टोकासारखा पुढे येतो. ओळखायची खूण साधी: जमिनीवरच्या चौकोनाचा जवळचा कोपरा कागदावर ९० अंशांपेक्षा टोकदार दिसला की बिंदू फार जवळ आहेत. चित्र ३० सें.मी. रुंद असेल तर दोन बिंदूंमध्ये किमान ६० सें.मी. हवेत, आणि दृश्य शांत वाटायला हवं असेल तर ८० ते ९०. एवढा कागद आणायचा कुठून? सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या चित्रकार व्हर्मेरने व्हॅनिशिंग पॉइंटवर टाचणी खोचून खडू लावलेला दोरा ताणला, असं मानतात. त्याच्या कितीतरी चित्रांत त्या जागी टाचणीचं भोक आढळलं आहे. बोर्डाबाहेर भिंतीवर टाचणी मारून आजही तेच करता येतं.

टाचणीसुद्धा नको असेल तर आणखी एक युक्ती आहे. टेबलाच्या वरच्या कडेची एक तिरकी रेषा नजरेने ठरवून टाकावी. टेबलाच्या जवळच्या पायावर एक उभी रेषा, कागदाच्या कडेला दुसरी. दोन्ही उभ्या रेषांवर क्षितिजापासून त्या तिरक्या रेषेपर्यंतच्या अंतराचे पाच-पाच सारखे भाग करावेत आणि पहिली खूण पहिलीला, दुसरी दुसरीला अशी जोडत जावी. तेच भाग क्षितिजाखालीही चालू ठेवावेत. सगळ्या रेषा त्याच दूरच्या बिंदूकडे जातात. बिंदू कधी काढावाच लागत नाही. प्रोक्रिएट, क्रिता, क्लिप स्टुडिओ अशा चित्रकलेच्या ॲपमध्ये ग्रिड, म्हणजे बिंदूंकडे जाणाऱ्या रेषांची जाळी, तयार मिळतो, पण बिंदू किती लांब न्यायचे ते तिथेही आपल्यालाच सांगावं लागतं, आणि वाईट ग्रिड तितक्याच तत्परतेने पसरतो.

बटणांपाशी मात्र थांबायला हवं, कारण या चित्रातली जमीन बटणांनीच दिसणार आहे. जमिनीवर आडवं पडलेलं बटण म्हणजे लंबवर्तुळ. लांब जाताना ते नुसतं लहान होतं असं धरून बहुतेक जण एकच आकार लहान-लहान करत मागे नेतात. प्रत्यक्षात ते चपटंही होतं. अंतर दुप्पट झालं की रुंदी निम्मी होते, पण उंची पाव. २ सें.मी.चं बटण आपल्या मापात १ मीटरवर ६ मि.मी. रुंद आणि जेमतेम अडीच मि.मी. उंच दिसेल, २ मीटरवर ३ मि.मी. रुंद आणि उंची अर्ध्या मि.मी.ला थोडी जास्त. आजीच्या पायाशी तर दीड मि.मी.ची नुसती रेघ. मागची बटणं गोलसर राहिली की जमीन भिंतीसारखी उभी राहते, बाकीच्या रेषा कितीही बरोबर असोत. लंबवर्तुळाची टोकं लिंबाच्या फोडीसारखी टोकदार नसावीत, हे वेगळं सांगायला नको, पण चुकतं तेच.

मागची बटणं रेघ झाली तर ती बटणं आहेत हे कळणार कसं? दोन-तीन उभी ठेवायची, कडेवर घरंगळणारी. उभं बटण लांबवरही वाटोळं दिसतं, शिवाय चित्रात वेळ येतो: बरणी आत्ताच फुटली आहे.

वेळेचा प्रश्न मोठा आहे. १७६६ साली जर्मन लेखक लेसिंगने मांडलं होतं की चित्राला एकच क्षण मिळतो, तेव्हा तो असा निवडावा की त्यातून आधीचं आणि पुढचं दोन्ही उमगेल; सर्वांत उंच टोकाचा क्षण टाळावा, कारण त्यापुढे कल्पनेला जागा उरत नाही. बरणी हवेत आहे तो क्षण दिसायला भारी, पण त्यात आजी नाही. आजीने कान पकडला तो क्षण म्हणजे गोष्ट संपली. मधला क्षण, आजी दारात आणि तिला अजून काही कळलेलं नाही, हा सर्वांत भरलेला. आधीचं सांगायला पुरावे ठेवायचे: फळीखाली ओढलेलं स्टूल, फळीवरच्या धुळीत बरणीचा वाटोळा डाग, स्टुलाशेजारी उलटी पडलेली एक चप्पल. तीन पुरे. चौथा, पाचवा ठेवला की चित्र कोडं बनतं आणि माणसांकडे लक्ष जात नाही.

हे सगळं ठरवायची जागा मोठा कागद नाही. पाच-सात सें.मी.च्या चौकटी आखून सहा ते आठ कच्ची रेखाटनं करावीत, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, खोडरबर लांब. फक्त तीन छटा: काळी, मधली, पांढरी. त्यांचे हिस्से सारखे नकोत. एक भरपूर, एक मध्यम, एक चिमूटभर. आपल्या चित्रात टेबलाची खालची बाजू, त्याचे पाय आणि मुलाची पाठ हा गडद हिस्सा. तोच चौकटीच्या आतली चौकट होतो. पलीकडची जमीन मधली छटा. पांढरं अगदी थोडं, आणि ते कुठे ठेवायचं यावर गोष्टीचा शेवट फिरतो. आजीच्या मागून उजेड आला तर तिची काळी आकृती होते, चेहरा नाही, म्हणजे भीती. बाजूच्या खिडकीतून उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आणि मागची वाट काळोखी ठेवली तर चेहरा दिसतो, आणि त्या चेहऱ्यावर काळजी असेल तर मुलगा सुटला हे बघणाऱ्याला आधीच कळतं. मला दुसरा उजेड आवडतो. पहिला फार वेळा वापरून झालाय.

दूरच्या वस्तू फिक्या आणि निळसर करायची सवय इथे आवरावी. हवेचा तो परिणाम डोंगरांसाठी; चार मीटरच्या खोलीत धुकं नसतं. खोलीत खोली आणायची ती उजेडाने आणि एकावर एक येणाऱ्या आकारांनी.

आकारांच्या कडा एकमेकींना नुसत्या शिवून बसल्या की मात्र खोली जाते. खुर्चीचा पाय आजीच्या अंगठ्याला टेकलेला, दाराची चौकट तिच्या खांद्याच्या रेषेत, मुलाचं डोकं टेबलाला बरोबर चिकटलेलं. एक तर स्पष्ट झाकावं, नाही तर स्पष्ट फट ठेवावी. आजीच्या डोक्यावर आपण २० सें.मी. मोकळे ठेवले होते, ते कागदावर दीड सें.मी. होतात, एवढी फट पुरते. अर्धाच सें.मी. राहिली असती तर टेबल तिच्या डोक्यावर ठेवल्यासारखं दिसलं असतं.

मुलाची आकृती गडद आहे, तेव्हा ती बाह्यरेषेवरच ओळखू यायला हवी. त्याने तोंडावर हात दाबलाय असं दाखवायचं आणि तो आपल्याकडे पाठ करून बसलेला, तर हात दिसणारच नाही. त्याला थोडा वळवून घ्यावा, गाल आणि नाक कडेला यावं, कोपर अंगापासून सुटं. आकृती पूर्ण काळी भरून बघावी. मुलगा घाबरलाय हे तरीही कळलं तर बैठक जमली.

चौकटीचे तीन भाग पाडून छेदबिंदूंवर माणसं बसवण्याबद्दल फार बोललं जातं. हा तृतीयांशाचा नियम नावानिशी मांडला तो इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने, १७९७ साली, आणि त्याचं म्हणणं होतं आकाश-जमीन, उजेड-सावली यांच्या वाटणीबद्दल. सारखे दोन तुकडे करू नका, एवढाच त्याचा अर्क. आपल्याला आजी कुठे ठेवायची ते नजरांवरून ठरवावं. मुलगा डावीकडे, उजवीकडे बघतोय, तेव्हा त्याच्या नजरेपुढे मोकळी जमीन हवी. आजी उजवीकडे, पण तिची नजर मुलाकडे नाही, फळीकडे, वर. या दोन नजरा एकमेकींना चुकवतात, प्रसंगाचा ताण तिथेच आहे. बटणांची माळ पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मुलाजवळून दारापर्यंत तिरकी जाते आणि डोळ्याला वाट दाखवते. तिची ओळ फार सरळ झाली तर कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी वाटते. दोन ठिकाणी तोडावी, एक झुबका करावा, एक बटण वाट सोडून स्टुलाखाली पाठवावं.

या सगळ्यापासून वेगळी अशी मोठी परंपरा आहे, तिला चूक समजू नये. मुघल आणि पहाडी लघुचित्रांत गालिचा वरून पाहिल्यासारखा पसरलेला असतो, त्यावरची माणसं बाजूने दिसतात, भिंतीआडचंही दिसतं. तिथला डोळा फिरता आहे. बटणांचा प्रसंग तसा रंगवला तर टेबलाखालचा मुलगा, फळी आणि दाराबाहेरची वाट एकाच पानावर सुखाने नांदतील. मात्र मग अख्खं पान त्याच रीतीने यावं. खोली स्थिर डोळ्याची आणि एक गालिचा तेवढा फिरत्या डोळ्याचा, हे अज्ञान वाटतं.

रेखाटन झालं की ते आरशात बघावं. लिओनार्दोच्या टिपणांतही हा सल्ला आहे. डावं-उजवं झालं की कललेलं टेबल आणि वाकडे डोळे लगेच ओरडतात. मग चित्राचा फोटो काढून टपाल तिकिटाएवढा करावा. तेवढ्यात आजीचा चेहरा, मुलाची पाठ आणि बटणांची वाट या क्रमाने दिसली तर रंगाला हात घालावा. आधी स्टूल दिसलं तर स्टुलाची छटा जमिनीच्या जवळ आणावी, एवढंच.

राहिलं आजीचं पाऊल. ती आत यायला निघाली आहे, उजवं पाऊल उंबऱ्यावर उचललेलं. त्याखाली आडवं बटण ठेवून उपयोग नाही, ४ मीटरवर ते रेघच होईल. म्हणून त्यातलं एक उभं बटण तिथे: दीड मि.मी.चं, वाटोळं, पलीकडच्या काळोखावर उजळ दिसणारं, उंबऱ्याकडे घरंगळत चाललेलं. आजी फळीकडे बघते आहे. टेबलाखालची दोघं बटणाकडे.